कपिलधार परिसरातील पर्जन्यनोंद आणि मायक्रोकंट्रोलरमधील नोंदींची विश्वसनीय साठवण

प्रस्तावना

बीड तालुक्यातील श्रीक्षेत्र कपिलधार हे बालाघाटाच्या डोंगररांगेतील मन्मथस्वामींचे समाधिस्थळ होय. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेइतकाच तेथील पावसाळी धबधबाही प्रसिद्ध आहे. मात्र धबधब्यावरून जिल्ह्याच्या पर्जन्यमानाचे अनुमान काढणे योग्य ठरणार नाही. बीड जिल्हा पर्जन्यछायेत येतो. दरीत मुसळधार आणि चार कोसांवरील माळ कोरडा, हा अनुभव येथील शेतकऱ्यास नवा नाही. शासनदरबारी महसूल मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा ग्राह्य धरला जातो आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी मानली जाते. नुकसानभरपाईचा प्रश्न या एका आकड्याशी निगडित असल्याने गावोगावी व महाविद्यालयांत हौसेने स्वतःचे पर्जन्यमापक तयार करण्याकडे कल वाढला आहे. अशा उपकरणास शासकीय मान्यता नसते हे खरे. तथापि तुलनेसाठी का होईना, त्यातील नोंद शाबूत असली पाहिजे. प्रस्तुत लेखात याच बाजूचा विचार केला आहे.

नोंद नाहीशी कशी होते?

अशा उपकरणात सामान्यतः टिपिंग बकेट असते. ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की तिचा पाळणा एकदा कलतो व मायक्रोकंट्रोलर ती कल मोजतो. प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थ्यांनी असे एक उपकरण इमारतीच्या गच्चीवर बसविले होते. एका रात्री वादळात वीज गेली. सकाळी एसडी कार्ड काढून पाहिले तेव्हा फाईल होती, परंतु तिचा आकार शून्य होता. कार्ड सदोष असावे असा आमचा पहिला समज झाला. तो चुकीचा होता. फाईलमध्ये ओळी लिहिल्या तरी तिची लांबी कार्डावरील सूचीत तेव्हाच नोंदविली जाते, जेव्हा फाईल बंद केली जाते किंवा तसा स्पष्ट आदेश दिला जातो. आमच्या प्रोग्रॅममध्ये फाईल आरंभी उघडली होती आणि ती कधीच बंद केली नव्हती. प्रत्येक ओळीनंतर तो आदेश देणे एवढाच उपाय होता.

परंतु तेवढ्याने भागत नाही. कार्ड लिहीत असतानाच वीज गेल्यास पूर्वीचा मजकूरही बिघडू शकतो. म्हणून तपशीलवार इतिहास कार्डावर आणि एकूण बेरीज मायक्रोकंट्रोलरच्या ईईप्रॉम स्मृतीत, अशी विभागणी श्रेयस्कर ठरते. बेरीज संचयी ठेवावी, म्हणजे मधली एखादी ओळ हरवली तरी केवळ वेळेचा तपशील जातो, पाऊस जात नाही.

किती वेळा लिहावे?

एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये १०२४ बाइट ईईप्रॉम असते व ती १,००,००० लेखनांपर्यंत टिकेल अशी हमी उत्पादक देतो. दर मिनिटास एकाच जागी लिहिल्यास दिवसाला १४४० लेखने होतात. म्हणजे हमी सुमारे ६९ दिवसांत संपते. १ जूनला सुरू केलेले उपकरण ९ ऑगस्टच्या सुमारास, ऐन पावसाळ्यात, हमीबाहेर जाते. याउलट केवळ पाळणा कलल्यावरच लिहिले तर? हंगामात ६०० मिलिमीटर पाऊस धरला तरी लेखने फक्त ३००० होतात. घड्याळाऐवजी घटनेस अनुसरून लिहिणे हाच येथे सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे, आणि आश्चर्य म्हणजे तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

गणकाच्या आकाराकडेही लक्ष हवे. ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ कली. एका बाइटच्या गणकात २५५ पर्यंतच संख्या मावते. त्यामुळे अतिवृष्टीच्या दिवशी तो ३२५ ऐवजी ६९ दाखवील, म्हणजे १३.८ मिलिमीटर! ज्या दिवसासाठी उपकरण बसविले, नेमका तोच दिवस खोटा ठरतो. गणक दोन बाइटचा घ्यावा. मात्र ही चिप एका वेळी एकच बाइट हाताळते. वाचन चालू असतानाच कल झाली तर अर्धी जुनी, अर्धी नवी संख्या हाती येते. म्हणून वाचताना क्षणभर इंटरप्ट थांबवावा.

अर्धवट नोंद आणि वीजपुरवठा

चार बाइट अनुक्रमांक, दोन बाइट बेरीज आणि दोन बाइट सीआरसी तपासणी-संख्या अशी आठ बाइटची नोंद करावी व ती दोन जागांवर आलटून-पालटून लिहावी. लेखन अर्धवट राहिले तर त्या जागेची तपासणी-संख्या जुळत नाही, आणि दुसऱ्या जागेवरील आधीची नोंद सुरक्षित असते. उपकरण सुरू होताच दोन्ही जागा वाचून, जी वैध आणि अधिक अनुक्रमांकाची असेल तीच स्वीकारावी. क्रम ठरविण्यासाठी घड्याळावर विसंबू नये. घड्याळाची बॅटरी संपली की क्रमही जातो. तपासणी-संख्येचा आरंभ शून्यापासून करू नये, अन्यथा सर्व शून्ये असलेली जागा वैध ठरते.

मोठा कपॅसिटर लावला की काम झाले, असा समज आढळतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० मिलिअँपिअर भारावर ५ व्होल्टवरून ४.३ व्होल्टपर्यंत यायला जेमतेम १४ मिलिसेकंद घेतो. आठ बाइट लिहिण्यास मात्र सुमारे २७ मिलिसेकंद लागतात. अधिक महत्त्वाचे म्हणजे अपुऱ्या व्होल्टेजवर चिप चालूच राहू नये. ऊनो मंडळावर ब्राउन-आउटची मर्यादा २.७ व्होल्ट असते. १६ मेगाहर्ट्‌झ गतीसाठी ती अपुरी असल्याने ४.३ व्होल्ट ठेवावी.

शून्य की नोंद नाही?

घटनेनुसार लेखनाचा एक दोष आहे. कोरडा दिवस आणि बंद पडलेले उपकरण हे दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दर तासाला कार्डावर एक हजेरीची ओळ लिहावी. जेथे ती नाही तेथे तक्त्यात शून्य न मांडता रकाना रिकामा ठेवावा. शून्य पाऊस ही नोंद आहे, रिकामा रकाना हा नोंदीचा अभाव आहे. सरासरी काढताना हा भेद विसरला गेल्यास दुष्काळ नसताना दुष्काळ दिसतो.

चाचणी सोपी आहे. २०० चौरस सेंटीमीटर मुखाच्या पर्जन्यमापकात एका कलीस ४ मिलिलीटर पाणी लागते. एक लिटर पाणी थेंबथेंब सोडावे आणि मधूनमधून पाणी थांबवून उपकरणाची वायर अचानक उपसावी. कधी कल होताच, कधी कार्डावर लिहीत असताना, असे वीसेक वेळा करावे. अखेरीस बेरीज २५० च्या आसपास यावयास हवी. दर उपसणीस फार तर एक कल हरवलेली चालेल.