तारलीचा हिशेब

भोपाळच्या मोठ्या तलावावर जाळे टाकणारे मच्छीमार आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. तलावाला काठ असतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की आत काय उरले याचा थोडाफार अदमास घेता येतो. समुद्राचे तसे नाही.

आमचे घर कोंकणी बोलणारे. तारली हा आमच्याकडे गरिबाघरचा मासा. आजोबांच्या काळी ती इतकी येई की, खाऊन उरलेली माडाच्या मुळाशी खत म्हणून पुरीत. हीच तारली २०१२ साली केरळच्या किनाऱ्यावर सुमारे ४ लाख टन मिळाली, आणि २०२१ साली अवघी ३,३०० टनांच्या आसपास!

मासे गेले कोठे? शास्त्रज्ञांची खरी अडचण येथेच आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक ठराविक दिवशी बंदरावर उतरणारी मासळी मोजतात व त्यावरून एकंदर उत्पन्नाचा अंदाज बांधतात. परंतु मोजली जाते ती जाळ्यात आलेली मासळी, पाण्यात उरलेली नव्हे. शिवाय तारली मुळातच लहरी. १९४० नंतरच्या काही वर्षांतही ती अशीच दिसेनाशी झाली होती. मद्रास सरकारने तेव्हा लहान तारली पकडण्यावर निर्बंध घातले. पुढे ती परतली. पण निर्बंधांमुळे परतली की समुद्रातील फेरबदलांमुळे, हे छातीठोकपणे सांगणे कठीण. म्हणूनच जुनी माणसे आजही म्हणतात, “येईल परत.”

कॅनडातील न्यूफाउंडलंडचा कॉड मासा मात्र तसा परतला नाही. मोठ्या जहाजांना भरपूर मासळी मिळते, त्या अर्थी साठा भक्कम असावा, असे तज्ज्ञांनी मानले. वस्तुतः उरलासुरला मासा एकत्र गोळा होत होता आणि जहाजे त्याला नेमकी गाठीत होती. १९९२ साली मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार बुडाला, आणि तीस वर्षे लोटली तरी पूर्वीची विपुलता आली नाही.

‘पुरावा मिळेपर्यंत पकडत राहू’ हे म्हणणे आम्हांस म्हणूनच पटत नाही. अंदाज चुकणारच असेल तर तो अशा बाजूने चुकावा की, चूक पुढे सुधारता येईल. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. पावसाळा हा तारलीचा अंडी घालण्याचाही काळ. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत तर कायद्याहून जुनी आहे. केरळात १० सेंटिमीटरहून लहान तारली पकडण्यास बंदी आहे, आणि महाराष्ट्रानेही २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी अशी किमान लांबी ठरवून दिली.

मात्र भोपाळात बसून हे लिहिणे सोपे आहे. परत सोडलेली पाटीभर मासळी म्हणजे एखाद्या घरची त्या दिवसाची चूल. बंदीचे दिवस लहान होडीवाल्यास अधिक जड जातात, आणि मासळी कमी झाल्याची चाहूलही बहुधा त्यालाच आधी लागते. न्यूफाउंडलंडच्या काठावरील लहान मच्छीमार बंदीच्या कितीतरी वर्षे आधीपासून तक्रार करीत होते. जहाजांचे आकडे मात्र चांगले दिसत होते.