मातीवाचून भाजी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रेल्वे थांबली, रस्ते बुडाले. अशा दिवसांत घरातून सर्वांत आधी काय नाहीसे होते? डाळ-तांदूळ डब्यात असतात. नाहीशी होते ती ताजी भाजी. घाट बंद पडला की नाशिक-जुन्नरकडचा माल अडतो, आणि जो थोडा येतो त्याचा भाव रोजंदारीच्या माणसाला झेपत नाही.

घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आहेत, दुसऱ्या अंगाला खाडी. डोंगरावरचे पाणी उतरते त्याच वेळी भरती असली, तर ते वस्तीत तुंबते. गटाराचे पाणी शिरलेल्या वाफ्यातील पाला खाण्याजोगा राहत नाही. म्हणून वाफा गच्चीवर न्यावयास हवा. मुंबई बंदराच्या कामगारांसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग उभी केली, हे उदाहरण आपल्या जवळचेच आहे.

मातीही न लागणारी रीत म्हणजे हायड्रोपोनिक्स. रोपाला माती हवी असते ती आधारासाठी आणि क्षारांसाठी. हे क्षार पाण्यात विरघळवून दिले तरी चालते. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमध्ये, कालिंपाँगच्या बाजूला, रेती-खडीत अशी स्वस्त शेती करून दाखविली. पुरात वीज जाते. म्हणून पंपावाचूनची पद्धत बरी. झाकणाच्या टबात पोषक पाणी भरावे, झाकणाच्या भोकांत रोपे बसवावी. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि मोकळ्या झालेल्या पोकळीतून मुळांना हवा मिळते. झाकण घट्ट असावे, म्हणजे डास होत नाहीत. कॅल्शियमचे खत आणि सल्फेट यांची घट्ट द्रावणे एकत्र करू नयेत, साका बसतो.

यातून धान्य पिकणार नाही, पालक-माठ मिळेल. वजनाचाही विचार हवा: १० सेंटिमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला १०० किलो भरते. इंजिनियरला विचारल्याशिवाय गच्चीवर टब चढवू नयेत.

खरा प्रश्न पुढेच आहे. पाणी शिरते ते तळमजल्यावर आणि चाळीत. गच्ची असते दुसऱ्याची. म्हणून सोसायटीची किंवा शाळेची गच्ची रीतसर अर्ज करून मागावी, वर्गणी काढावी, देखरेखीच्या पाळ्या लावाव्या आणि भाजीची वाटणी आधीच लेखी ठरवावी. पालकाला महिना-सव्वा महिना लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर सभा बोलावून भागणार नाही. ती या वसंतातच भरवावी.