मनाची जुनी जखम आणि जवळिकीची भीती





आपल्या शहापूर-मुरबाड भागात कोणाचा हात मोडला तर सारी वाडी धावून येते. कोणी गाडी पाहतो, कोणी दवाखान्यात सोबत जातो. मन मोडले तर मात्र एकच औषध मिळते : ‘झाले गेले विसरून जा.’ असे विसरता येत नाही. आत दडपलेले दुःख पुढे संसारात डोके वर काढते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहे.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. लहानपणी बापाने दारूच्या नशेत आईला मारताना पाहिलेली एक मुलगी लग्न होऊन सासरी येते. नवरा निर्व्यसनी, सज्जन. पण त्याने आवाज चढवला किंवा मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, की तिचे अंग ताठ होते. त्याला वाटते, हिला मी आवडत नाही. दुसरे उदाहरण, शाळेत जातीवरून अपमान सोसलेल्या मुलाचे. तो मोठा होतो, पहाटेची आसनगाव लोकल पकडून नोकरीला जातो, रात्री येऊन मुकाट्याने जेवतो व झोपतो. बायकोलाही मनातले सांगत नाही. लोक म्हणतात, ‘त्याचा स्वभावच तसा.’ पुष्कळदा तो स्वभाव नसतो, जुनी जखम असते. आणि जखम भरून येऊ शकते, फक्त तिला क्रम लागतो.

आघात म्हणजे काय?

जिवावर किंवा अब्रूवर बेतणारा प्रसंग आला की शरीर लढते, पळते किंवा गोठून जाते. ही निसर्गाने दिलेली संरक्षणाची सोय आहे. प्रसंग संपल्यावर शरीर पूर्ववत व्हावयास हवे. पण मारहाण, लैंगिक अत्याचार, बहिष्कार किंवा अपघात यांचा धक्का मोठा असला, वारंवार बसला किंवा कोवळ्या वयात बसला, तर मन सदैव पहाऱ्यावर राहते. दचकणे, वाईट स्वप्ने, झोप न लागणे, चिडणे, माणसे टाळणे ही त्याची लक्षणे होत. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकाराला स्वतंत्र नाव देऊन आपल्या यादीत घेतले.

ज्याला जवळच्या माणसाकडूनच इजा झाली, त्याचे मन एक धडा शिकते : जवळ जाणे म्हणजे धोका. मग माया करणारे माणूस समोर आले तरी ते मन दार लावून घेते. यालाच जवळिकीची भीती म्हणतात.

बाबासाहेबांनी अश्रू लपविले नाहीत

परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण पाहा. १९०१ साली, नऊ वर्षांच्या वयात, वडिलांना भेटायला निघालेले ते आणि त्यांच्यासोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच बैलगाडीवाले त्यांना नेईनात. पुढे रात्रभराच्या प्रवासात त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. १९१७ साली परदेशी विद्या घेऊन ते बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. अठरा वर्षांनंतर आठवणी लिहिताना, तो प्रसंग आठवला की आजही डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले. एवढ्या प्रज्ञावंत महापुरुषाने आपले अश्रू लपविले नाहीत. मग आपल्या तरुणांनी ‘मर्द रडत नाही’ असे का म्हणावे? दुःखाला नाव देणे हा दुबळेपणा नव्हे.

बाहेरची जखम घरात शिरते

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यापूर्वी अनेक वर्षे त्यांनी ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवले होते. नवऱ्याने संशयावरून केलेली मारहाणही त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितली. समाजाने ज्याला चिरडले तो घरात येऊन आपल्याहून दुबळ्याला चिरडतो, हे कटू सत्य आपण मान्य केले पाहिजे. सोसलेल्या अपमानाने त्या माणसाचे वागणे समजते, पण क्षम्य ठरत नाही. २२ प्रतिज्ञांपैकी मद्य न पिण्याची प्रतिज्ञा पाळली, तरी अनेक घरांतील भीती कमी होईल.

पटाचारेला आधी आसरा मिळाला

धम्मात याचा मार्ग आहे. थेरी पटाचारेचा पती सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने उचलले, थोरले नदीत वाहून गेले. माहेर गाठण्यापूर्वीच आईवडील व भाऊ घर कोसळून मरण पावल्याचे कळले. भान हरपून ती विवस्त्र भटकू लागली. जेतवनात लोकांनी ‘वेडी’ म्हणून तिला अडविले. तथागतांनी मात्र तिला येऊ दिले आणि ‘भगिनी, भानावर ये’ अशा अर्थाचे शांत शब्द उच्चारले. कोणीतरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. मग तिने आपली कहाणी सांगितली, तथागतांनी ती ऐकली, आणि त्यानंतर धम्म सांगितला. पुढे याच पटाचारेने शोकाकुल स्त्रियांना सावरले.

हा क्रम ध्यानी घ्यावा : आसरा, ऐकणे, मग उपदेश. आपण बहुधा उपदेशापासून सुरुवात करतो. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली बरे होण्याच्या अशाच तीन पायऱ्या मांडल्या : सुरक्षितता, घडलेल्याची आठवण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जोडले जाणे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. मार चालू असताना ‘जवळीक वाढवा’ असे त्या स्त्रीला सांगणे हा अन्याय आहे. आधी मार थांबला पाहिजे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

दुसरी गोष्ट बोलण्याची. सर्वांना सांगण्याची गरज नाही, एक विश्वासू कल्याणमित्र पुरे. ऐकणाऱ्याने मध्ये बोलू नये, ‘तू तिथे गेलीसच का?’ असे विचारू नये आणि ऐकलेले चावडीवर नेऊ नये.

तिसरी गोष्ट लहान पावलांची. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे. प्रथम स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग प्रिय मित्र, मग तटस्थ माणूस आणि शेवटी वैरी. वैऱ्यापाशी मनात द्वेष उसळला तर मागच्या पायरीवर यावे. यावरून, दुखावलेल्या माणसावर ‘आधी माफ कर’ अशी सक्ती करू नये हे उघड होते. मैत्रीची सुरुवात स्वतःपासून आहे.

पती-पत्नींनीही हाच क्रम धरावा. रोज दहा मिनिटे एकत्र चहा घेत बोलावे. स्पर्शापूर्वी विचारावे. ‘नको’ म्हटले तर तो अपमान समजू नये. ‘मला भीती वाटते, पण ती तुमची नाही,’ एवढे एक वाक्य पुष्कळ गैरसमज दूर करते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीचा सन्मान करणे व तिची अवहेलना न करणे ही अगदी सुरुवातीला येतात.

एक सावधगिरी

कसारा घाट चढला की इगतपुरी. तेथील धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. ध्यानाने अनेकांना लाभ झाला आहे. परंतु ज्याची जखम ताजी आहे, त्याला दहा दिवसांच्या मौनात जुने प्रसंग एकदम अंगावर येऊ शकतात. त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व शिबिराच्या अर्जात आपली अवस्था प्रामाणिकपणे लिहावी. झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या शासनाच्या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मनाच्या डॉक्टरकडे जाणारा वेडा नसतो.

बंधू-भगिनींनो, विहारात आपण पौर्णिमेला जमतो, वर्षावासात ग्रंथवाचन करतो. त्याच विहारात महिन्यातून एक दुपार केवळ ऐकण्यासाठी ठेवता येईल काय? महिला मंडळाने आणि शिकलेल्या तरुणांनी एवढे मनावर घ्यावे. पटाचारेच्या अंगावर वस्त्र टाकणाऱ्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही. तेवढे काम तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!