लायब्ररी-परीक्षण, स्वयंचलित
संगणकभाषेतील बदलामुळे तीत पूर्वी लिहिलेल्या लायब्ररी, म्हणजे अनेकांना वापरता येणारे तयार आज्ञासंच, बिघडतात काय, हे चाचण्यांच्या नोंदींवरून ओळखण्याची पद्धती. पर्ल भाषेतील आज्ञासंचांचा ‘सीपॅन’ हा संग्रह १९९५ पासून उपलब्ध आहे. त्यांतील चाचण्या ‘सीपॅन टेस्टर्स’ या उपक्रमातील (१९९८) स्वयंसेवकांचे संगणक भाषेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर आपोआप चालवितात. जुन्या आवृत्तीवर यशस्वी, परंतु नव्या आवृत्तीवर अयशस्वी ठरणारी चाचणी भाषेतील बदलाकडे निर्देश करते. उदा., पर्ल ५·१८ मध्ये (२०१३) ‘हॅश’ या रचनेतील घटकांचा क्रम आज्ञावली चालविताना प्रत्येक वेळी बदलू लागला. त्या क्रमावर विसंबलेल्या आज्ञासंचांतील दोष त्यामुळे उघडकीस आले. बदल मागे घ्यावा की आज्ञासंच सुधारावा, हे अशा नोंदींमुळे वेळीच ठरविता येते. मात्र ज्यांना चाचण्याच जोडलेल्या नाहीत, अशा आज्ञासंचांतील बिघाड वापरणाऱ्यालाच प्रथम जाणवतो.