खड्याचं वजन वेगळं
इंदूरच्या सराफ्यात खड्यांची अंगठी तोलताना खड्याचं वजन वजा होतं. सोन्याचा भाव खड्याला लागत नाही. परीक्षेच्या गुणांचा हिशेबही असाच हवा. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडूंना २५ गुणांपर्यंत सवलत मिळते आणि फुगलेल्या गुणांचा ठपका लगेच त्यांच्यावर येतो. पण दहावीचा निकाल पाहा: भाषा, सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे २० गुण काढले त्या २०१९मध्ये ७७.१० टक्के, ते परत आले त्या २०२०मध्ये ९५.३०. आधी अभ्यासक्रम नवा होता, नंतर करोनात भूगोलाचा पेपर रद्द झाला, हे मान्य. तरी एवढी उडी मूठभर खेळाडूंची नव्हे. मैदानावर गेलेले तास भरून द्यायला नकोत का? द्यावेतच. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेलेल्याची परीक्षा पुढे घ्यावी आणि सवलतीचे गुण टक्केवारीत न मिसळता शेजारी लिहावेत.