पोलिओ आणि घास गिळण्याची क्रिया

घास गिळणे वरवर साधे दिसते. परंतु त्यासाठी जीभ, घसा व स्वरयंत्र यांच्या अनेक स्नायूंना ठराविक क्रमाने काम करावे लागते. घास उतरताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे तोंड मिटते. हे स्नायू चालविणाऱ्या बहुतेक चेतापेशी मेंदूच्या तळाशी असतात.

पोलिओचा विषाणू काही रोग्यांत याच पेशींपैकी काही नष्ट करतो. उरलेल्या पेशी नवे तंतू फोडून निराधार झालेल्या स्नायूंचा भार उचलतात व रोग्याला पुन्हा गिळता येऊ लागते. मात्र अनेक वर्षांनी हा जादा भार त्यांस पेलेनासा होतो, असे मानले जाते.

हा बदल सावकाश होतो. मनुष्य नकळत घास लहान घेतो, घोटाघोटाने पाणी पितो. त्यामुळे अडचण त्यास जाणवतेच असे नाही. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पोलिओचे उत्तर-परिणाम दिसू लागलेल्या ३२ जणांपैकी केवळ १४ जणांनी गिळण्याची नवी अडचण सांगितली. तपासणीत मात्र ३१ जणांत काही ना काही दोष आढळला.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला; परंतु पूर्वी पोलिओ होऊन गेलेले अनेकजण आज प्रौढ वयात आहेत. जेवताना वारंवार ठसका लागणे किंवा जेवणास अधिकाधिक वेळ लागणे, हे केवळ वयाचे लक्षण समजू नये. अन्न श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसदाह होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांस बालपणीच्या पोलिओची माहिती अवश्य द्यावी.