ब्रेक उंच का असतो?

गिअरच्या गाडीत पेडल तीन आणि पाय दोन. रोजच्या चालवण्यात याचं काही अडत नाही. डावा पाय क्लचपुरता, आणि उजवा एका वेळी एकाच पेडलवर: ब्रेकवर तरी, नाहीतर ॲक्सिलरेटरवर तरी. रेसट्रॅकवर मात्र वळणाच्या तोंडाशी तिन्ही पेडलांची गरज एकदमच पडते. वेग मारायला ब्रेक हवा, गिअर खाली आणायला क्लच हवा, आणि क्लच सुटण्याआधी इंजिनाला क्षणभर रेस हवी. मग चालक उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरतो आणि त्याच पावलाच्या बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोला देतो. ही कसरत हील-अँड-टो म्हणून ओळखली जाते. घरच्या हॅचबॅकमध्ये ती करून पाहणाऱ्या हौशी माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: पाय पोचतच नाही. ब्रेक उंच, ॲक्सिलरेटर खोल, मधलं अंतर जास्त. तक्रार खरी आहे. पण ही रचना हलगर्जीपणातून आलेली नाही, ती बरीच विचारपूर्वक केलेली आहे.

आधी मुळात ही रेस कशाला द्यायची, ते पाहू. क्लच सोडलेला असताना इंजिन आणि चाकं यांच्या फेऱ्यांचं प्रमाण गिअर ठरवतो. एखादी छोटी पेट्रोल गाडी घ्या. चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर ताशी ५० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४४० वेळा फिरतं. तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.२८, दुसऱ्याचं १.९ आणि शेवटच्या दात्यांचं ४.३ असेल, तर त्याच वेगाला इंजिन तिसऱ्यात २,४०० आरपीएमवर असेल आणि दुसऱ्यात त्याला ३,६०० वर असावं लागेल. आता क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. उजवा पाय ब्रेकवर असल्याने इंजिनाला रेस नाही, ते तोवर १,५०० पर्यंत घसरलेलं आहे. अशा वेळी क्लच सोडला, की २,१०० आरपीएमची तूट चाकांना भरून काढावी लागते. इंजिनाला फरफटत वर नेण्याची ही ऊर्जा गाडीच्या गतीतून येते, टायरच्या पकडीतून जाते आणि तिचा काही भाग क्लचप्लेट तापवण्यात खर्च होतो. आतल्या माणसांना जाणवतो तो झटका हाच.

इथे कुणी म्हणेल, गिअर तर लोण्यासारखा पडला, मग तूट कसली? गिअर सहज पडतो तो सिंक्रोमेशमुळे. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही यंत्रणा आणली. त्यात घर्षणाची कडी गिअर आणि दांडा यांचा वेग जुळवून देते आणि मगच दाते एकमेकांत जातात. पण ही जुळणी गिअरबॉक्सच्या पोटातली. क्लच दाबलेला असताना इंजिन आणि त्याचं जडशीळ फ्लायव्हील बाहेरच राहतं, त्याला या कडीचा हात लागत नाही. सिंक्रोमेश नसलेले ट्रक आणि बस चालवणारे आपले जुने ड्रायव्हर ‘डबल क्लच’ मारायचे: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. दाते करकरू नयेत म्हणून ते दांड्याचा वेग स्वतः जुळवत. पुस्तकातलं यंत्रशास्त्र न शिकलेली ही माणसं ते रोज कानाने करत होती, आणि माझ्या मते आजच्या अनेक हौशी चालकांपेक्षा सफाईने.

झटका बसला तर बिघडलं काय? सपाट कोरड्या रस्त्यावर फारसं काही नाही. खरा प्रश्न जोरदार ब्रेकिंगमध्ये येतो. हजार किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर. गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लावला, तर मागच्या चाकांवरचा सुमारे १६५ किलो भार पुढे सरकतो. मागे मुळात ४०० किलो असतील, तर उरतात २३५. भार कमी, तेवढी पकडही कमी; आणि त्यातलीही बरीचशी ब्रेकने आधीच वापरलेली. मागची चाकं इंजिनाने फिरणारी असतील आणि नेमक्या त्या क्षणी क्लच धाडकन सुटला, तर ती घसटतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर जातो. एबीएस ब्रेकचा दाब सोडू शकते, पण इंजिनाने धरलेलं चाक केवळ दाब सोडल्याने मोकळं होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या आहेत. तिथे झटका भार वाढलेल्या चाकांवर येतो, म्हणून तो बराच खपून जातो. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या वळणावर मात्र पुढची चाकं घसरली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

आता पेडलांकडे. तीन पेडलांची आजची मांडणी सुरुवातीपासून नव्हती. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेडल तीनच होती. पण डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं आणि उजवं ब्रेकचं. रेस द्यायची ती स्टिअरिंगजवळच्या हातकाडीने. आज ओळखीचा वाटणारा क्रम १९१६ च्या कॅडिलॅकमध्ये दिसला आणि १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हनने तो लोकांत रुळवला. तरीही कित्येक स्पर्धेच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर मधोमध राहिला. हुआन मान्युएल फान्जिओने १९५७ ची जर्मन ग्रां प्री ज्या मासेराती २५०एफ गाडीतून जिंकली, तिचा ॲक्सिलरेटर क्लच आणि ब्रेकच्या मध्ये होता. आज आपण ज्याला अवघड मांडणी म्हणतो, ती पाहून फान्जिओ बहुधा हसला असता.

ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा उंच आणि जरा लांब ठेवण्याचं कारण साधं आहे: घाबरलेल्या माणसाचा पाय चुकतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० ही ऑटोमॅटिक गाडी आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारींचा गदारोळ झाला. सरकारी तपासाचा अहवाल १९८९ मध्ये आला. त्यात निष्कर्ष होता की लोक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होते, आणि पेडलांची मांडणी या चुकीला हातभार लावू शकते. स्पर्धकाला हवी असलेली जवळीक सामान्य चालकाच्या जिवावर उठू शकते ती अशी. ब्रेक उंच असला की पाय उचलावा लागतो, आणि तेवढ्या हालचालीत कुठलं पेडल पायाखाली आहे हे शरीराला कळतं.

उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या आपल्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. पुढच्या उजव्या चाकाची कमान चालकाच्या पायांच्या जागेत घुसते, तीही नेमकी ॲक्सिलरेटरच्या बाजूने. पेडल डावीकडे सरकतात, आणि घोटा वळवताना पाऊल भिंतीला घासतं. नव्या गाड्यांत तर पाय पोचूनही उपयोग होईलच असं नाही. ॲक्सिलरेटर आता तारेने ओढला जात नाही, तो फक्त संगणकाला इशारा देतो. २००९-१० मधल्या टोयोटाच्या मोठ्या रिकॉलनंतर, ब्रेक दाबलेला असेल तर रेसकडे दुर्लक्ष करण्याची सोय अनेक कंपन्यांनी गाड्यांत दिली. अशा गाडीत इंजिन तुमचा टोला ऐकेलच असं नाही.

तरी शिकायचं असेल, तर एक गोष्ट सरावाच्या पहिल्याच दिवशी कळायला हवी. उंचीतला फरक ब्रेक किती जोरात दाबला यावर अवलंबून आहे. जोरात दाबला की पेडल खाली जातं आणि ॲक्सिलरेटरच्या पातळीजवळ येतं. हलक्या ब्रेकिंगला ते वरच राहतं. म्हणून ट्रॅकवर जमणारी गोष्ट गावातल्या ३० च्या वेगाला जमत नाही, त्यात पायाचा दोष नसतो. अनेकजण गाडी बंद ठेवून सराव करतात. ते निरर्थक आहे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिन चालू असतानाच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद असेल तर दोन-तीन दाबांत साठा संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि वरच अडकतं. तेव्हा मोकळ्या हवेत, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि इंजिन चालू ठेवून बसा. चवडा ब्रेकच्या उजव्या कडेवर ठेवून दाब कायम राखा आणि फक्त घोटा वळवून रेस द्या. रेस देताना ब्रेकचा दाब कमी-जास्त होणं हीच सगळ्यांची मुख्य चूक असते. तो स्थिर होईपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर चालत्या गाडीत ब्रेकशिवाय, नुसती रेस देऊन गिअर खाली आणायला शिका. दोन्ही जोडायचं ते बंद ट्रॅकवर, माहितगार प्रशिक्षक शेजारी बसवून.

स्पर्धेच्या सर्वोच्च पातळीवर या कौशल्याची गरज केव्हाच संपत आली होती. १९८९ मध्ये फेरारी ६४० स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलत उतरली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत तिच्यात जिंकली. निस्सानच्या २००९ च्या ३७०झेडमध्ये तर हाताने गिअर टाकायचा असूनही रेस संगणक देतो. त्यामुळे घरच्या गाडीत हे जमलं नाही, तर खंत वाटून घेऊ नका. घाट उतरताना गिअर वळण लागण्याआधीच, सरळ पट्ट्यात खाली घ्या. ब्रेकवरचा पाय क्षणभर काढून थोडी रेस द्या आणि क्लच हळू सोडा. रोजच्या रस्त्याला एवढं पुरेसं आहे. चप्पल घालून चालवू नका. आणि ॲक्सिलरेटर ब्रेकच्या जवळ आणायला त्यावर लोखंडी पट्टी बसवून द्यायला गॅरेजवाला तयार झाला, तरी ती बसवून घेऊ नका.